उघडायचे की उतरवायचे? सुप्याच्या कर्जखतांपासून इंदापूरच्या सातबाऱ्यापर्यंत

सुपे, १२ मे १८७५. आज बारामती तालुक्यात असलेले हे बाजारपेठेचे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे. आसपासच्या गावांतील कुणबी तेथे जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरेही पेटली. तरी जमावाची मागणी एकच होती, ती म्हणजे कर्जखते आणि वह्या बाहेर काढा. जे हाती लागले ते तिथल्या तिथे जाळले गेले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावाची पुढे सरकारी आयोगाने चौकशी केली. जेथे सावकाराने खते मुकाट्याने काढून दिली तेथे बहुधा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही, असे त्या चौकशीत दिसून आले. इतिहासात हे प्रकरण 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदले गेले आहे. त्याचे वेगळेपण असे की रोष माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता.

हे कागद होते कोणाचे? सही रयतेची, ताबा सावकाराचा. बहुतेक कुणब्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची सही म्हणजे नांगराचे छोटेसे चित्र, दस्तऐवजांच्या भाषेत 'निशाणी नांगर'. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू व्याज फुगू नये हा होता. घडले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला, थकलेले व्याज मुद्दलात मिळवू लागला, आणि रयत पुन्हा नांगर काढून देऊ लागली. खतात किती आकडा लिहिला आहे हे तिला वाचता येत नसे. वाचून घ्यायचे म्हटले तरी कागद सावकाराच्या पेटीत. आपल्याच कर्जाचा कागद पाहण्याची सोय नाही आणि त्याची प्रत जवळ बाळगण्याचीही नाही, असा तो दुहेरी अंधार होता.

पाहणे आणि बाळगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा मुद्दा येथे नीट लक्षात ठेवावा. याच बारामती-इंदापुरात तो आता रोज संगणकाच्या पडद्यावर उभा राहतो. सेतू केंद्रात किंवा घरच्या संगणकावर कोणी दस्तऐवजाच्या दुव्यावर टिचकी मारतो. एक फाइल ब्राउझरच्या खिडकीतच उघडते. दुसरी काही न दाखवता 'डाउनलोड्स' नावाच्या कप्प्यात जाऊन पडते. दोन्ही पीडीएफच. मग हा दुजाभाव कोण करतो?

उत्तराची सुरुवात जुन्या टपालाच्या पद्धतीने करता येईल. सर्व्हर ब्राउझरला फाइल पाठवतो तेव्हा ती उघडी पाठवत नाही. लखोट्यात घालून पाठवतो आणि लखोट्यावर काही ओळी लिहितो. या ओळींना हेडर म्हणतात. त्यांतील दोन येथे महत्त्वाच्या. पहिली 'कंटेंट-टाइप', म्हणजे आत काय आहे: मजकूर, चित्र, पीडीएफ की आणखी काही. दुसरी 'कंटेंट-डिस्पोझिशन', म्हणजे आतल्या वस्तूचे करायचे काय. या दुसऱ्या ओळीत मुख्यतः दोन शब्दांपैकी एक असतो. 'इनलाइन' लिहिले असेल तर ब्राउझरने फाइल जागीच दाखवावी. 'अटॅचमेंट' लिहिले असेल तर दाखवण्याच्या भरीस न पडता उतरवून ठेवावी, आणि सोबत फाइलचे नाव दिले असेल तर त्या नावाने ठेवावी.

हे शब्द मुळात वेबचे नाहीत, ईमेलचे आहेत. ईमेलमधून साध्या इंग्रजी मजकुराखेरीज चित्रे, आवाज, इतर लिपी पाठवता याव्यात म्हणून १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' ही पद्धत मांडली. 'कंटेंट-टाइप'ला आजचे रूप तिनेच दिले. मग प्रश्न आला की पत्रासोबत आलेले चित्र पत्राच्या मजकुरातच दिसावे, की खाली टाचणीने जोडल्यासारखे वेगळे राहावे? त्यासाठी १९९५ मध्ये 'कंटेंट-डिस्पोझिशन' प्रायोगिक स्वरूपात आले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. 'अटॅचमेंट' हा शब्द त्या टाचणीचीच आठवण आहे.

वेबने ही ओळ उसनी घेतली, तीही काहीशी चोरपावलांनी. १९९९ च्या एचटीटीपी नियमावलीत तिचा उल्लेख परिशिष्टात येतो आणि ही ओळ मूळ नियमांचा भाग नाही, सर्रास वापरात आहे म्हणून नोंदवली आहे, अशा आशयाची पुस्ती तेथे जोडलेली आहे. वेबसाठी तिचे स्वतंत्र नियम ठरले ते थेट जून २०११ मध्ये. महसुलाच्या इतिहासात मुरलेल्या वाचकाला हा क्रम ओळखीचा वाटेल. वहिवाट आधी पडते, कायदा मागून येतो.

आता समजा, सर्व्हरने दुसरी ओळ लिहिलीच नाही. तेव्हा ब्राउझर पहिल्या ओळीवरून स्वतः ठरवतो, आणि त्याची कसोटी सोपी आहे: ही वस्तू आपल्याला वाचता येते का? वेबपान, साधा मजकूर, चित्र असेल तर दाखवायचे. झिप किंवा वर्डची फाइल असेल तर उतरवायची, कारण ती वाचणारे यंत्र त्याच्या पोटात नसते. प्रकार कळतच नसेल आणि 'नुसता बाइटांचा ओघ' एवढेच लिहिले असेल तर बहुधा उतरवूनच ठेवायची.

पीडीएफचा प्रवास याच कसोटीवर झाला, म्हणून तो लक्षात राहण्याजोगा आहे. अडोबीने हे स्वरूप १९९३ मध्ये बाजारात आणले. त्याच वर्षी गाजलेल्या मोझेक ब्राउझरला पीडीएफ वाचता येत नसे. अशी फाइल आली की तो ती संगणकावरील दुसऱ्या मदतनीस प्रोग्रॅमच्या हवाली करी. पुढे ब्राउझरला जोडायचे प्लगिन आले. २००८ मध्ये पीडीएफ हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. २०१० च्या अखेरीस क्रोमने पीडीएफ वाचण्याची सोय आतच दिली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये फायरफॉक्सनेही १९ व्या आवृत्तीत ती दिली. सर्व्हर तोच, फाइल तीच, लखोट्यावरचा मजकूरही तोच. तरी २००५ साली ती दुसऱ्या प्रोग्रॅमची वाट पाही आणि २०१३ साली खिडकीतच उघडे. फोनची तऱ्हा आणखी निराळी. अँड्रॉइडवरील क्रोम अनेक वर्षे पीडीएफ स्वतः न उघडता सरळ उतरवत असे. एकाच घरात मुलीच्या लॅपटॉपवर 'उघडलेला' उतारा वडिलांच्या फोनमध्ये 'उतरलेला' असे, आणि तीन वेळा टिचकी मारली तर त्याच नावापुढे कंसात १, २ असे आकडे लागून तीन प्रती साठत, त्याचे कारण हे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उघडलेली फाइल 'तिकडेच' असते आणि उतरवलेली 'इकडे' येते, असे वाटते. तसे नाही. ब्राउझरने दाखवलेली प्रत्येक गोष्ट आधी आपल्या यंत्रावर आलेली असते. फरक ताब्याचा असतो. उघडलेली प्रत ब्राउझरच्या तात्पुरत्या साठ्यात राहते, तिला आपण ठेवलेले नाव किंवा जागा नसते, आणि ब्राउझर ती केव्हाही पुसू शकतो. उतरवलेली प्रत नावासकट आपल्या कप्प्यात येते आणि आपण पुसेपर्यंत राहते.

करमणुकीच्या फाइलींसाठी हा भेद नगण्य असेल. त्याला जमिनीचे वजन कसे येते, हे पाहायला इंदापुरास जावे लागते.

पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारला दख्खनमध्ये शेतसारा ठरवायचा होता. रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने १८२७-२८ पासून जमिनीची मोजणी आणि प्रतवारी हाती घेतली. डेव्हिड रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त त्याने शेतावर उतरवायचे ठरवले. खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाचा ५५ टक्के भाग सरकारचा, असे त्याचे गणित. ही आकारणी १८३० मध्ये इंदापुरात लागू झाली. कागदावर ती देखणी होती, शिवारात ती टिकली नाही. सारा झेपेना, बाकी थकत गेली, जमिनी पडीक पडल्या, लोक गाव सोडून गेले. सिद्धान्त लंडनचा आणि पाऊस इंदापूरचा, असा तो प्रकार म्हणावा लागेल.

१८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापुरात नव्याने काम सुरू केले. १८३६ पासून उतरलेले दर ३० वर्षांच्या मुदतीने लागू झाले. येथे घडलेली पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. सर्व्हे नंबर, आकार हे शब्द आज ज्या अर्थाने मराठी शेतकऱ्याच्या तोंडी आहेत तो अर्थ या मोजणीने रुजवला. प्रत्येक शेत वेगळे धरायचे, त्याला क्रमांक द्यायचा, त्याच्या हद्दी ठरवायच्या, आणि क्रमांकासमोर आकार लिहून ठेवायचा.

लिहून ठेवायचा, पण कोठे? गावच्या दप्तरात. आणि दप्तर कुलकर्ण्याच्या हाती. जमिनीवर नांगर ज्याचा आणि जमिनीचा कागद ज्याच्यापाशी, ती माणसे वेगळी असण्याची रीत जुनीच होती. इंग्रजी अमलाने ती अधिक काटेकोर केली. १८६६-६७ मध्ये इंदापूरची ३० वर्षे संपली, फेरआकारणीत सारा वाढला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भावही तोवर ओसरला होता. वाढीव सारा भरण्यासाठी सावकार, आणि सावकारासाठी खत. सुप्याच्या आगीत जळालेल्या कागदांमागे ही साखळी आहे. सारावाढीचा त्यातील वाटा किती, यावर तेव्हाच्या अधिकाऱ्यांतच मतभेद होते. त्या वादाचा येथे निकाल लावण्याचे कारण नाही.

आयोगाचा अहवाल झाला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. कर्जदारास अटकेपासून संरक्षण, व्याजाच्या हिशेबाची न्यायालयीन छाननी या त्याच्या तरतुदींची चर्चा नेहमी होते. मात्र त्यातील कमी चर्चिलेला भाग येथे अधिक मोलाचा आहे. शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, भरलेल्या पैशांची लेखी पावती मिळावी, हिशेबाचा उतारा मागता यावा, आणि शेतकऱ्याने मागणी केल्यास सावकाराने त्याला हिशेबाचे पासबुक द्यावे व त्यात नोंदी कराव्यात, अशी व्यवस्था कायद्याने सांगितली. चार वर्षांपूर्वी जी वही जाळावी लागली, तिची प्रत आता हक्काने मागता येणार होती. प्रत्यक्षात किती जणांनी मागितली असेल हा वेगळा प्रश्न. अक्षरशून्य माणसाच्या हाती पासबुक दिले तरी ते वाचायला पुन्हा दुसऱ्याच माणसाकडे जावे लागते. तरीही पाहण्यापलीकडे बाळगण्याचा हक्क कायद्याच्या भाषेत आला, हे थोडे नव्हे.

जमिनीच्या नोंदीतही तसेच घडत गेले. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धत आली. गाव नमुना ७ मध्ये जमिनीवरील हक्क, गाव नमुना १२ मध्ये पिकांची नोंद. दोन्ही एका कागदावर आले आणि त्याचे नाव पडले सातबारा. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली आणि दप्तर पूर्णपणे सरकारी तलाठ्याकडे आले. चावडीत जाऊन दप्तरातील नोंद नुसती पाहणे वेगळे, आणि अर्ज करून, फी भरून, शिक्का-सहीनिशी 'खरी नक्कल' घेणे वेगळे. बँकेत, न्यायालयात, उसाच्या पीककर्जासाठी चालते ती नक्कल. चावडीत डोळ्यांनी पाहिलेली नोंद तेथे उपयोगाची नसते.

संगणक आला तरी ही दोन दालने मोडली नाहीत. महाभूलेख संकेतस्थळावर कोणालाही गट क्रमांक टाकून सातबारा विनामूल्य पाहता येतो. मात्र ही माहिती कायदेशीर कामासाठी वापरता येणार नाही, अशी सूचना तेथे असते. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्यासाठी १५ रुपये भरायचे आणि पीडीएफ उतरवून घ्यायची. ती कायदेशीर कामास चालते. चावडीतले पाहणे एका पानावर गेले आणि खरी नक्कल दुसऱ्या पानावर. 'इनलाइन' आणि 'अटॅचमेंट' हे शब्द घडवणाऱ्यांनी इंदापूरचे नावही ऐकले नसेल, पण त्यांनी केलेली वाटणी येथे आधीपासून नांदत होती.

मग उतरवण्याचा आग्रह केवळ सरकारी सवयीतून आलेला आहे का? नाही, त्याला तांत्रिक आधार आहे, आणि नेमका तोच भाग लोकांना ठाऊक नसतो. डिजिटल स्वाक्षरी म्हणजे कागदावर दिसणारे नाव-तारखेचे चौकोनी चित्र नव्हे. ती फाइलच्या बाइटांवरून काढलेली एक गणिती खूण असते आणि फाइलच्या पोटातच ठेवलेली असते. सही केलेल्या भागातील एक बाइट जरी बदलला तरी पडताळणी फसते. भारतात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा स्वाक्षरीला मान्यता दिली. मात्र ती तपासण्यासाठी मूळ फाइल जशीच्या तशी हाती हवी.

घोटाळा येथेच होतो. उतारा ब्राउझरच्या खिडकीत उघडतो. समोर दिसतो आहे म्हणून 'प्रिंट' करून, कागदाऐवजी 'पीडीएफ म्हणून जतन करा' हा पर्याय निवडला जातो. नवी फाइल तयार होते, दिसायला हुबेहूब. पण ब्राउझरने ती नव्याने रंगवलेली असते, मूळचे बाइट तिच्यात नसतात आणि स्वाक्षरीही नसते. उरते ते स्वाक्षरीचे चित्र. तीच फाइल खिडकीच्या कोपऱ्यातील खाली वळलेल्या बाणाने उतरवली असती तर खूण शाबूत राहिली असती. स्क्रीनशॉटची गत तर याहून वाईट.

शिवाय बहुतेक ब्राउझर स्वाक्षरी दाखवतात, तपासत नाहीत. म्हणून काही उताऱ्यांवर सहीशेजारी पिवळे प्रश्नचिन्ह उमटते आणि उतारा खोटा निघाला की काय, अशी धास्ती बसते. फाइल उतरवून, स्वाक्षरी तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून, प्रमाणपत्रावर विश्वास नोंदवला की त्याच जागी हिरवी खूण येते. कागदावर छापलेल्या उताऱ्याला ही तपासणी लागूच होत नाही. त्यासाठी उताऱ्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो आणि तो संकेतस्थळावर टाकून खरेपणा पाहता येतो. 'निशाणी नांगर' खरी की खोटी हे ठरवायला साक्षीदार लागत. येथे साक्ष गणित देते, पण मूळ दस्त पुढे ठेवला तरच.

फाइलच्या नावाचीही एक लहानशी कथा आहे. लखोट्यावरील ओळी घडल्या त्या इंग्रजी अक्षरे गृहीत धरून. देवनागरी नाव द्यायचे तर ते संकेतांत फोडून लिहावे लागते. 'सातबारा' या शब्दात काने धरून सात चिन्हे, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे २१. आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांनी लिहायचा, म्हणजे ६३ अक्षरे. हे करण्याची रीत २०१० च्या सुमारास नीट ठरली. जेथे सर्व्हर ती पाळत नाही तेथे उतरलेल्या फाइलच्या नावात नुसत्या टक्क्यांच्या खुणा आणि आकडे दिसतात. नाव वाचता न आल्याने घरातला खरा दस्तऐवज निरुपयोगी समजून पुसला जाणे फार दूर नाही. मोडीतल्या कित्येक रुमालांचे तेच झाले.

उतरवलेल्या प्रतीची एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते. ती उतरवली त्या क्षणाची असते. नंतर फेरफार मंजूर झाला, वारसाची नोंद लागली, बँकेचा बोजा चढला किंवा उतरला, तरी फोनमधला सातबारा जुनेच सांगत राहतो. पडद्यावर उघडलेला उतारा ताज्या नोंदी दाखवतो, पण पुरावा म्हणून उभा राहत नाही. कप्प्यात ठेवलेला पुरावा म्हणून उभा राहतो, पण ताजा राहत नाही. म्हणून जमीन घेणारा जाणता माणूस दोन्ही करतो. हातातल्या प्रतीची तारीख पाहतो, आणि व्यवहाराच्या दिवशी सकाळी तोच गट क्रमांक पुन्हा एकदा पडद्यावर उघडतो.